लाच देऊन सुटावे की पावती मागावी?

परदेशात रस्त्यावरच्या तपासणीत एखादा पोलीस न घडलेल्या गुन्ह्याचा दंड रोख मागू लागला, तर प्रवाशासमोर दोन वाटा असतात : पैसे देऊन मोकळे होणे किंवा पावतीचा आग्रह धरणे. पहिली वाट वेळ वाचवते आणि विमान गाठायचे असेल तर तिचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु लाच देणे हाही बहुतेक देशांत गुन्हाच असल्याने मागणाऱ्याच्या हाती आपण आणखी एक हत्यार देतो. शिवाय मायदेशाचा कायदाही पाठ सोडेलच असे नाही. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या रकमेला सूट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात ती नाही.

दुसरी वाट संथ आहे. आवाज न चढवता लेखी दंडपत्र मागितले आणि ठाण्यात जाऊन रक्कम भरण्याची तयारी दाखवली, तर अनेकदा मागणीच विरते, कारण नोंद होणे मागणाऱ्यालाच परवडत नसते. अटक झालीच, तर वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. दीर्घकाळ राहणाऱ्याने तर हीच वाट धरावी. परवान्यासाठी एकदा पैसे दिले की नूतनीकरणाच्या वेळी दर वाढलेलाच असतो. जिवाला धोका दिसला, तर मात्र पैसे देऊन निघावे आणि सुरक्षित ठिकाणी पोहोचताच घडलेले दूतावासाला लेखी कळवावे.