जेल रोडच्या गल्लीतलं रेकॉर्डचं दुकान: आधी शेवटचं गाणं ऐका, मग घ्या

बरेच दिवस लिहायचं होतं, काल परत जाऊन आले म्हणून आज लिहूनच टाकते. इंदूरात जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डी, त्यातही सात इंची ईपी, म्हणजे चारेक गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांसाठी जेल रोडच्या आतल्या गल्लीत एक दुकान आहे. बाहेरून पाहिलं तर रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान वाटेल, रेकॉर्डी मागच्या खोलीत आहेत आणि तिथे जायला काउंटरची फळी उचलून वाकून आत जावं लागतं. मला दोन वर्षं झाली जायला लागून, आतापर्यंत तिथून चाळीसेक ईपी घेतल्या असतील आणि एकही परत करावी लागली नाही.

आधी मी ऑनलाइनही मागवायचे. मागच्या वर्षी आईच्या पंचाहत्तरीसाठी एक ईपी मागवली, फोटो चकाचक, खाली लिहिलेलं की एकदम नवीकोरी, साडेसहाशे रुपये भरले. घरी आली तर कव्हर बरोबर आणि आत रेकॉर्ड भलत्याच सिनेमाची, ती पण उन्हात ठेवल्यासारखी वाकलेली, सुई नुसती वरखाली होत होती. विकणाऱ्याने परत घेतली नाही ती नाहीच. पैशाचं सोडा, पण वाढदिवसाला आईसमोर ते पाकीट उघडलं आणि तिचा चेहरा उतरला, ते मला अजून आठवतं.

या दुकानात दुकानदार काका रेकॉर्ड वाजवून दाखवल्याशिवाय देतच नाहीत. आणि वाजवून म्हणजे पहिली दहा सेकंद नाही. ईपीच्या एका बाजूला साधारण दोन गाणी असतात, पहिलं बाहेरच्या कडेकडचं आणि दुसरं आत लेबलजवळचं. काका सुई सरळ दुसऱ्या गाण्याच्या शेवटाकडे ठेवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कळेना की हे असं का, तर म्हणाले, "ताई, शेवटचं ऐका. पहिलं तर सगळ्यांचंच चांगलं वाजतं." मग नीट समजावून सांगितलं. रेकॉर्ड मिनिटाला ४५ फेरेच घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला छोटा, त्यामुळे आत तेवढंच गाणं कमी लांबीत बसवलेलं असतं, बारीक आवाज तिथे दाटीवाटीने असतात आणि झिजलेली किंवा जड सुई सगळ्यात आधी तेच खाते. गाण्यात स, श, च आला की फसफस ऐकू येते. नुसतं पाहून हे कळत नाही. वरवर ओरखडे दिसणारी कधी मस्त वाजते आणि आरशासारखी चमकणारी आतून पार घासलेली निघते, कारण पूर्वी घराघरात जे पेटीसारखे प्लेयर होते त्यांचा सुईचा दांडा चांगलाच वजनदार असायचा आणि एकच सुई वर्षानुवर्षं चालायची.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी, एसपी म्हणजे दोन गाणी, ईपी म्हणजे बहुतेक वेळा चार, दोन्ही सात इंची. मला एलपीपेक्षा, म्हणजे हळू फिरणाऱ्या मोठ्या रेकॉर्डीपेक्षा, ईपी जास्त आवडतात. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर ४५ च्या वेगाने सुईखालून दर सेकंदाला जास्त लांबीची खाच जाते म्हणून आवाजाला एक उघडेपणा येतो, ढोलकी आणि टाळ तर अगदी समोर वाजतात. दुसरं म्हणजे माझ्याकडची मराठी सिनेमाची गाणी जवळपास सगळी ईपीवरचीच आहेत, चार गाण्यांत सिनेमा आटोपलेला, आणि कव्हरवर सिनेमातला फोटो.

आता त्या रेकॉर्डबद्दल सांगते जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. 'साधी माणसं'ची ईपी मी कधीपासून शोधत होते. १९६५ चा भालजी पेंढारकरांचा सिनेमा, त्यातलं 'ऐरणीच्या देवा' जगदीश खेबुडकरांचं आणि संगीत आनंदघन, म्हणजे स्वतः लताबाई. या सिनेमासाठी त्यांना महाराष्ट्र सरकारचा उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, आपल्याच इंदूरातला, शीख मोहल्ल्यातला, आणि तो मोहल्ला या दुकानापासून पायी जाण्याइतका जवळ. त्यामुळे ही रेकॉर्ड मला इथेच मिळावी असं फार वाटायचं. काकांनी सहा महिन्यांनी फोन केला, आली आहे म्हणाले.

मी गेले तर आधी हात धुवायला लावले, येताना पोहे खाल्ले होते आणि बोटांना त्यावरचा जीरावन मसाला लागलेला. मग त्यांनी रेकॉर्ड नुसती कडांवर धरून ट्यूबलाइटखाली तिरकी केली, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवला, आडवा नाही. कव्हरचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. लेबलवर निळ्या शाईत, अगदी बारीक अक्षरात कुणीतरी 'सप्रेम भेट' लिहून खाली लग्नाची तारीख घातली होती, शाई एका बाजूला ओल लागून पसरलेली. मग 'ऐरणीच्या देवा' लागलं. खरखर होती, खोटं नाही सांगणार, सुरुवातीला चांगली भाजीला फोडणी दिल्यासारखी, पण लताबाईंचा आवाज आला आणि तो इतका स्वच्छ होता की काका आणि मी दोघंही गप्प बसून राहिलो, बाहेर गिऱ्हाईक हाका मारतंय तरी कुणी उठलं नाही. दुसऱ्या गाण्याचा शेवट थोडा फाटत होता. ते काकांनी स्वतःच दाखवलं आणि साडेतीनशेचे अडीचशे केले. संध्याकाळी आईला ऐकवली, तिने परत लाव, परत लाव करून चार वेळा ऐकली.

आता खटकणाऱ्या गोष्टी. दुकानात यादी नाही, सगळं काकांच्या डोक्यात, ते नसले तर मुलाला काही सापडत नाही. आर. डी. बर्मनचं काहीही मागितलं की भाव एकदम वर, आणि 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड तर जो येतो तो मागतो म्हणून तिचा भाव मला अजिबात पटत नाही, ती काही दुर्मिळ नाही. पावसाळ्यात मागच्या खोलीला ओल येते आणि खालच्या फळीवरच्या कव्हरांना बुरशी धरते, हे मी त्यांना दोनदा सांगून झालं, फळी वर घ्यायला काय लागतं? शिवाय काही गठ्ठे आडवे एकावर एक रचलेत, रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या असतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. गाडी लावायला जागा नाही, राजवाड्याच्या बाजूने चालत या.

दुरुस्तीचं काम मात्र एक नंबर. आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर पडून होता, गाणं मधेच हळू व्हायचं. फिरवणाऱ्या चाकाचं रबर कडक होऊन घसरत होतं. काकांनी रबर बदललं, तेलपाणी केलं, नवी सुई टाकली, आठशे रुपये घेतले आणि जुना भाग कागदात गुंडाळून परत दिला. वर एक ताकीद दिली जी सगळ्यांनी लक्षात ठेवा. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. आणि ७८ ला तिची जाड सुई वेगळी, ईपीच्या सुईने ती वाजवायची नाही.

७८ ची आवड असेल तर इथे फार काही मिळणार नाही, त्यासाठी इंदूरजवळ पिगडंबरला संग्राहक सुमन चौरसियांचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे तिकडे जा, लताबाईंच्या रेकॉर्डींसाठीच ते नावाजलेलं आहे. 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव न छापता सिनेमातल्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं होतं हे ज्यांनी वाचलंय त्यांना तिथे गेल्यावर किती प्रश्न विचारावेसे वाटतील.

दुकान दुपारी बारानंतर उघडतं, रविवारी बंद. जाताना आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या आपल्या आपण न्या, काका रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. मी शनिवारी परत जाणार आहे, 'मोलकरीण'ची बाजूला काढून ठेवा म्हणून सांगून आलेय. तेवढी कुणी मागू नका.