टॅनस्टॅक क्वेरी: कित्येक महिने वापरल्यानंतर

रिॲक्टमध्ये (वेब-ॲपचे स्क्रीन बांधायची लायब्ररी) टॅनस्टॅक क्वेरीची ५वी आवृत्ती कित्येक महिने रोज वापरतोय. सर्व्हरकडून डेटा आणायचं, सांभाळायचं आणि रिक्वेस्टची स्थिती सांगायचं काम ती करते; डेटा वाचायच्या अशा मागणीला ती ‘क्वेरी’ म्हणते. आमच्या ॲपमध्ये एकाच स्क्रीनवर बऱ्याच रिक्वेस्ट एकदम सुटतात. त्यातली कुठली आली, कुठली अडकली हे समोरच्याला खरं-खरं दिसावं, एवढ्याचसाठी ही लायब्ररी घेतली. हाताने काउंटर ठेवायचा, म्हणजे रिक्वेस्ट सुटली की एक वाढवायचा आणि आली की एक कमी करायचा, हा प्रकार आता पूर्ण बंद केलाय. काउंटर शून्यावर आला म्हणजे नेटवर्क शांत झालं इतकंच कळतं. काम झालं की नाही, ते कळत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते हे की ‘डेटा अजून नाहीच’ आणि ‘रिक्वेस्ट चालू आहे’ या दोन गोष्टी इथे वेगळ्या आहेत. पहिलीसाठी इजपेंडिंग, दुसरीसाठी इजफेचिंग. यादी समोर असताना मागे ताजी होत असेल तर फक्त इजफेचिंग खरं असतं, त्यामुळे अख्खा स्क्रीन पुसावा लागत नाही. एक जागा मात्र जपायला हवी. ग्राहक निवडेपर्यंत सुटू नये म्हणून एनेबल्ड हे सेटिंग बंद ठेवलेली क्वेरीसुद्धा पेंडिंगच असते. रिक्वेस्ट गेलेलीच नसते, आणि इजपेंडिंगवर लावलेला स्पिनर फिरत बसतो. अशा ठिकाणी इजलोडिंग वापरा, ते दोन्ही अटी पाहतं.

एरर दिसायला उशीर का होतो, हे नवीन माणसाला चटकन उमगत नाही. फसलेली क्वेरी मूळ सेटिंगमध्ये आणखी ३ वेळा सुटते. मधे १, २ आणि ४ सेकंद थांबते. वाचनासाठी हे छान, पण ४०४ (मागितलेलं सापडलं नाही) आल्यावर ७ सेकंद ताटकळण्यात अर्थ नाही, म्हणून रिट्राय या सेटिंगला फंक्शन देऊन ४०० च्या घरातल्या, म्हणजे मागणीतच चूक असल्याच्या, बहुतेक एरर आम्ही वगळल्या. शिवाय रिक्वेस्ट पाठवणारं ब्राउझरचं फेच फंक्शन ४०४ किंवा ५०० ला (सर्व्हरची चूक) स्वतःहून एरर फेकत नाही. रिस्पॉन्स ओके आहे का ते तपासून एरर आपणच फेकायची, नाहीतर फसलेली रिक्वेस्ट यशस्वी म्हणून नोंदली जाते.

खरी किंमत वसूल झाली ती म्युटेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचा डेटा बदलणाऱ्या रिक्वेस्टमध्ये. ‘सेव्ह’ दाबल्यावर सर्व्हरचं उत्तर येतं, बटण मोकळं होतं, आणि खालची यादी क्षणभर जुनीच दिसते. माणूस पुन्हा ‘सेव्ह’ दाबतो. म्युटेशन यशस्वी झाल्यावर चालणाऱ्या ऑनसक्सेसमधून इनव्हॅलिडेटक्वेरीजचं (जुना डेटा शिळा ठरवून पुन्हा मागवणारं फंक्शन) प्रॉमिस, म्हणजे ते काम संपल्याचं कळवणारी वस्तू, रिटर्न केलं की यादी नव्याने येईपर्यंत म्युटेशन पेंडिंग राहतं. एका रिटर्नने बटण खरं बोलायला लागलं! असे कॉलबॅक, म्हणजे रिक्वेस्ट संपल्यावर चालणारी फंक्शन्स, म्युटेशन जिथे ठरवतो त्या यूजम्युटेशनवरच लावावेत. म्युटेशन सुरू करणाऱ्या म्युटेटच्या कॉलमध्ये दिलेले कॉलबॅक, कंपोनंट (स्क्रीनचा तो तुकडा) मधेच निघून गेला तर चालतच नाहीत.

ऑफलाइन गेल्यावर क्वेरी फसत नाही, ‘पॉज्ड’ होते. त्यासाठी वेगळा संदेश ठेवा.

मोठा रिपोर्ट मागितला की आमचा सर्व्हर २०२ देतो, म्हणजे काम फक्त स्वीकारलं. तिथे म्युटेशन संपलं तरी काम बाकीच असतं. रिफेचइंटरव्हल या ठराविक वेळाने पुन्हा विचारायच्या सेटिंगला फंक्शन देऊन स्थिती विचारत राहायची आणि रिपोर्ट तयार झाला की फॉल्स परत करून थांबायचं. टॅब मागे गेला की ही विचारपूस थांबते. ती चालू हवी असेल तर रिफेचइंटरव्हलइनबॅकग्राउंड लावा. लांबणाऱ्या रिपोर्टसाठी आम्ही लावलंय, कारण वाट पाहणारा माणूस टॅब बदलणारच.