पडद्यापर्यंत पोहोचणारे औषध : बडोद्यातील एका नेत्रालयाचा अनुभव

माझे वडील ७४ वर्षांचे असून मधुमेहामुळे त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मध्यभागी, सूज आली होती. दांडिया बाजारातल्या आमच्या घरून आम्ही अलकापुरीतल्या ज्या नेत्रालयात जातो, तिथे त्यांच्या डोळ्यात डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइड औषधाचे विरघळणारे इम्प्लांट बसवले. तो उपचार आणि ती सेवा या दोहोंविषयी हे लिहीत आहे.

थेंबांनी हे काम का होत नाही, हा बाबांचा पहिला प्रश्न होता आणि डॉक्टरांनी त्याचे उत्तर घाई न करता दिले. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. तेवढे डोळ्यात मावतच नाही. काही गालावर ओघळते, काही अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात उतरते, म्हणूनच थेंब घातल्यावर घसा कडवट होतो. घातलेल्या औषधापैकी सहसा ५ टक्क्यांहून कमी डोळ्याच्या आत शिरते आणि मागच्या पडद्यापर्यंत तर जवळजवळ काहीच जात नाही. गोळ्यांची वाटही सोपी नाही, कारण पडद्याच्या रक्तवाहिन्या रक्तातली बरीच द्रव्ये बाहेर झिरपू देत नाहीत. म्हणून औषध सुईने थेट आत सोडावे लागते.

त्याप्रमाणे आधी दर महिन्याला एक, अशी पाच इंजेक्शने झाली. प्रत्येक वेळी औषध फक्त ०.०५ मिलिलिटर, पण त्याच्या आदल्या रात्री बाबांना झोप लागत नसे. सूज कमी व्हायची आणि पुन्हा भरायची.

इम्प्लांट म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर लांबीची, शेवयाच्या तुकड्यासारखी बारीक काडी. तिच्यात ०.७ मिलिग्रॅम औषध असते आणि ते धरून ठेवणारा पदार्थ हळूहळू विरघळून शेवटी त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, त्यामुळे ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. डोळा बधिर करून, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करून, बुबुळाच्या कडेपासून थोडे मागे, पांढऱ्या भागातून ती आत सोडली. बाबांना बारीक ‘टक्’ असा आवाज ऐकू आला आणि दाब जाणवला. दुखले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले. पुढचे काही दिवस नजरेसमोर एक सावली तरंगत होती. तिची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, म्हणून आम्ही घाबरलो नाही.

दोन महिन्यांनी केलेल्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांची प्रतिमा घेणाऱ्या तपासणीत, सूज स्पष्टपणे उतरलेली दिसली आणि बाबा पोथी पुन्हा स्वतः वाचू लागले. माझ्या दृष्टीने या उपचाराचे मोल एवढ्यातच आले.

तक्रार मात्र गंभीर आहे. हे औषध स्टिरॉइड असल्यामुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि तो बहुधा दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. डॉक्टर हे तोंडी बोलले होते, पण घरी दिलेल्या कागदावर पुढची तारीख थेट तीन महिन्यांनंतरची होती. मी फोन करून आग्रह धरला, तेव्हा सातव्या आठवड्यात तपासणी झाली. दाब २७, म्हणजे वाढलेला निघाला. थेंब सुरू केल्यावर तो खाली आला. एकट्या राहणाऱ्या, फोन न करणाऱ्या रुग्णाचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. व्यवस्थापनाला मी हे लेखी कळवले आहे.

बाकी व्यवस्था चांगली आहे. खर्च आधीच लेखी सांगितला गेला, परिचारिका बाबांशी धीराने गुजरातीत बोलत होत्या. फक्त बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर तीन तास बसावे लागते, तेव्हा डबा सोबत न्यावा.

ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे त्यांना हा मार्ग अधिक सोयीचा, कारण स्टिरॉइडमुळे नैसर्गिक भिंगात मोतीबिंदू वाढतो. बाबांचे ते आधीच झाले होते. वाढलेला काचबिंदू असलेल्यांना किंवा ऑपरेशनच्या वेळी भिंगामागचे पातळ आवरण फाटलेल्यांना हे इम्प्लांट देत नाहीत, तेव्हा जुने कागद बरोबर न्यावेत. पाचव्या महिन्यात बाबांची सूज थोडी परत आली आहे आणि दुसरे इम्प्लांट याच नेत्रालयात करायचे आम्ही ठरवले आहे. या वेळी दाब तपासण्याच्या तारखा कागदावर लिहून घेतल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही.