व्हीएम हलते, लायसन्स नाही: विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, डेटासेंटर की व्हीएमप्रमाणे?

विंडोज सर्व्हरसाठी दोन होस्टच्या क्लस्टरचं (एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो अशा जोडलेल्या प्रत्यक्ष यंत्रांचं) कोटेशन आलं की आधी एक गोष्ट तपासा: लायसन्स आजच्या व्हीएम (होस्टच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी सर्व्हर) मोजून धरली आहेत का? तसं असेल तर कोटेशन परत पाठवा. विंडोज सर्व्हरचं नेहमीचं लायसन्स प्रत्यक्ष यंत्राच्या नावावर असतं. ते दुसऱ्या यंत्रावर न्यायचं तर ९० दिवस थांबावं लागतं; यंत्र कायमचं निकामी झालं तरच सवलत. व्हीएम मात्र व्हीमोशन किंवा लाइव्ह मायग्रेशन या चालू व्हीएम हलवणाऱ्या सोयींनी हवी तेव्हा पलीकडे जाते, कुठलाही एरर येत नाही. लायसन्स नसलेल्या यंत्रावर व्हीएम चालल्याचा घोळ उघडा पडतो तो लायसन्सच्या ऑडिटमध्ये. त्यामुळे एक होस्ट बंद पडून सगळ्या व्हीएम दुसऱ्यावर आल्या, असं धरूनच प्रत्येक होस्टचा हिशेब करायचा.

स्टँडर्ड आवृत्तीत होस्टच्या प्रोसेसरचे सगळे कोअर एकदा लायसन्स केले (किमान १६) की दोन व्हीएम चालवता येतात. आणखी दोन हव्या असतील तर सगळे कोअर पुन्हा एकदा. डेटासेंटरला व्हीएमची मर्यादा नाही. २०२५ आवृत्तीची १६ कोअरची जाहीर किंमत स्टँडर्डला १,१७६ डॉलर, डेटासेंटरला ६,७७१. कॅल, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीची लायसन्स, दोन्हीकडे वेगळी.

समजा, १६ कोअरचे दोन होस्ट आहेत आणि प्रत्येकावर चार व्हीएम. फेलओव्हरला, म्हणजे एक होस्ट बंद पडला की, एकावर आठ येणार, म्हणून प्रत्येक होस्टला स्टँडर्डचे १६ कोअरचे चार संच, एकूण आठ: ९,४०८ डॉलर. दोन डेटासेंटर १३,५४२ ला पडतात. इथे स्टँडर्डच घ्या. पण व्हीएम सहा-सहा झाल्या की स्टँडर्ड १४,११२ वर जातं. क्लस्टरमध्ये मिळून दहापर्यंत व्हीएम असतील तर स्टँडर्ड, अकरावी येणार असेल तर डेटासेंटर. कंपनी वाढती असेल तर मी सातआठलाच डेटासेंटरकडे झुकेन. नंतर स्टँडर्डचे संच रचत बसणं हे भाड्याच्या घराला मजले चढवण्यासारखं आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून तिसरी वाट खुली झाली, आणि कोटेशनमध्ये ती क्वचितच दिसते. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (लायसन्ससोबत हप्ता भरून घ्यायची मायक्रोसॉफ्टची योजना) किंवा सबस्क्रिप्शन असेल तर व्हीएमच्या व्हर्च्युअल कोअरप्रमाणे लायसन्स घेता येतं. अट अशी की दोन कोअरची चिमुकली व्हीएम असली तरी आठ कोअरचे पैसे भरायचे. वरच्या आठ व्हीएमना, प्रत्येकी आठच्या आत कोअर धरले, तर ६४ कोअर, म्हणजे चार संच पुरतात. शिवाय त्याच सर्व्हर फार्ममध्ये (कंपनीच्या सर्व्हरच्या एका समूहात) व्हीएम कितीही वेळा हलवा, ९० दिवसांची भानगड नाही.

होस्ट ६४ कोअरचे असतील तर फरक डोळ्यांत भरतो. त्याच आठ व्हीएमसाठी यंत्राप्रमाणे मोजलं तर स्टँडर्डचे ३२ संच, डेटासेंटरचे आठ; व्हीएमप्रमाणे मोजलं तर स्टँडर्डचे तेच चार. अ‍ॅश्युरन्सचा हप्ता दरवर्षी भरावा लागतो, तरी मोठ्या होस्टवर मोजक्या व्हीएम असतील तर माझं मत याच वाटेला.

डेबियन किंवा अल्मालिनक्स या मोफत लिनक्स प्रणालींवर जमणारी कामं तिकडे न्या, मोजणीतून तेवढ्या व्हीएम कमी होतात. आणि सर्व्हरसोबत स्वस्तात मिळणारं ओईएम (यंत्र बनवणाऱ्याकडून येणारं) लायसन्स त्या यंत्रालाच कायमचं चिकटलेलं असतं. तीन वर्षांत होस्ट बदलायचा बेत असेल तर ते घेऊच नका.