पान २४० नंतर एकदम २५७

बेळगावात गणपत गल्लीच्या मागच्या बोळात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण तक्रार पण करायची आहे आणि दुकानवाल्या मामांशी आपलं बरं आहे. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांसाठी पोरांची झुंबड असते, बाकी वर्षभर मामा एकटेच पेपर वाचत बसलेले. गाडी लावायला जागा नाही, पावसात तर विचारूच नका.

मला हेरगिरीचं लई वेड, त्यातल्या त्यात जे ऑफिसर पलटी मारून दुसऱ्या देशात जाऊन बसले तसले. पिक्चरमधले हिरो नव्हे, खरे, सरकारी पगारावरचे. मामांना सहज बोललो होतो, तर तेवढं ध्यानात ठेवून तीन महिन्यांनी त्यांचा फोन, "सर, तुमचं ते फितुरांचं आलंय बघा, येऊन जावा की." ऑनलाइनवाले असं करतील काय. पुस्तक इंग्लिश, कव्हर गेलेलं, नावाचं पान पण गेलेलं, वरून खाकी कागद डकवलेला, १२० रुपये. घेतलं.

पुस्तक जुनं असलं तरी खमंग आहे. पहिलाच गुझेन्को, कॅनडात ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतला सायफर क्लार्क (गुप्त लिपीतले संदेश बघणारा कारकून), सप्टेंबर १९४५ मध्ये १०९ कागद घेऊन बाहेर पडला आणि थेट पेपरच्या ऑफिसात गेला तर तिथं कुणी ऐकूनच घेईना. हे वाचताना मला मित्रोखिन आठवला (तो या पुस्तकात नाही, नंतरचा आहे), केजीबीच्या (सोव्हिएत हेरखात्याच्या) रेकॉर्ड रूमचा माणूस, कितीतरी वर्षं फायलींमधनं हातानं टिपणं काढत बसला, गावाकडच्या घराच्या जमिनीखाली लपवली, आणि १९९२ ला लाटव्हियात रिगाला अमेरिकन वकिलातीत गेला तर त्यांनी वाटेला लावलं. मग ब्रिटिशांकडं गेला, त्यांनी आधी चहा विचारला. सगळा माल ब्रिटिशांना मिळाला! मामा पण पाय ठेवल्या ठेवल्या चहा सांगतात, गिऱ्हाईक उगाच टिकत नाही.

किम फिल्बी आहेच, ब्रिटिशांचा स्वतःचा मोठा हेर, आतनं रशियाचा, जानेवारी १९६३ मध्ये बैरूतमधनं गायब झाला तो मॉस्कोत निघाला, आणि हा बाबा जन्मलेला आपल्या अंबाल्यात. युर्चेन्कोचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. केजीबीचा बडा अधिकारी, ऑगस्ट १९८५ ला रोममध्ये अमेरिकनांकडं आला, आणि नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात सीआयएच्या माणसाबरोबर हॉटेलात जेवायला बसलेला असताना उठला, परत आलो नाही तर तुझी चूक नाही असं काहीतरी बोलला आणि बाहेर. थेट सोव्हिएत वकिलातीत, वर पत्रकार परिषद घेऊन सांगतोय मला पळवून नेलं होतं म्हणून. तो सीआयएवाला बिलाजवळ तसाच बसलेला असणार.

मग आला गोर्डिएव्स्की, ज्याच्यासाठी पुस्तक घेतलं. केजीबीचा कर्नल, लंडन ऑफिसचा मुख्य व्हायच्या बेतात, आणि १९७४ पासनं ब्रिटिशांसाठी काम करणारा. मे १९८५ मध्ये मॉस्कोला बोलावून घेतात, ब्रँडीत औषध घालून चौकशी करतात, याला कळतं आता आपलं काही खरं नाही. पळायचा प्लॅन आधीच ठरलेला, सेफवे या परदेशी सुपरमार्केटची पिशवी घेऊन मॉस्कोतल्या कुतुझोव्स्की रस्त्यावर ठरल्या वेळी उभं राहायचं, बघितलं म्हणून खूण म्हणजे एक इंग्रज लंडनच्या हॅरॉड्स दुकानाची पिशवी घेऊन चॉकलेट खात समोरनं जाणार. माझ्या अंगावर काटा, घड्याळात रात्रीचा एक, पिशवी घेऊन माणूस उभा, पान उलटलं आणि २४० नंतर एकदम २५७, गडी लंडनमध्ये पोचलेला पण! अख्खा सोळा पानांचा फॉर्मा (एकत्र छापून शिवलेला गठ्ठा) गायब. म्हणजे रशियाची सीमा ओलांडलेली तेवढीच पानं नाहीत.

दुसऱ्या दिवशी अनगोळहून तापून गेलो. मामा म्हणाले, "रद्दीतनं येतंय की सर, पानं मोजत बसू काय मी?" ही तक्रार, आणि हे उत्तर मला आवडलं नाही. ४० रुपये परत दिले खरं, न मागता. वर म्हणाले, मग सुटला कसा ते तरी सांगून जावा.

मी रात्रीच मोबाईलवर शोधून वाचलं होतं. फिनलंड सीमेकडच्या विबोर्ग गावाजवळ रस्त्याच्या कडेला जंगलात लपला, ब्रिटिश वकिलातीच्या दोन गाड्या आल्या, एकीच्या डिकीत घातला, आणि नाक्यावर कुत्री हुंगायला लागली तर एका बाईनं डिकीवरच बाळाचं लंगोट बदलायला काढलं, घाण लंगोट तिथंच टाकलं, कुत्री बाजूला. फिनलंडमध्ये पोचल्यावर ड्रायव्हरनं फिनलंडचा संगीतकार सिबेलिअसचं 'फिनलंडिया' लावलं, आत डिकीत याला कळावं म्हणून. मामा लंगोटावर पोट धरून हसले, मग चहाचा ग्लास खाली ठेवून विचारलं, "आणि बायको?" बायको आणि दोन पोरी तिकडंच. त्या बाहेर आल्या १९९१ ला, सहा वर्षांनी, आणि संसार काय परत जुळला नाही. पुस्तकात यावर तीन ओळी आहेत, मी मोजल्या.

आपल्या रॉचा (भारताच्या परदेशी हेरखात्याचा) रबिंदर सिंग, संयुक्त सचिव, त्याच्यावर पाळत असताना मे २००४ मध्ये नेपाळमार्गे अमेरिकेला निसटला, त्याच्यावर काही आलं तर ठेवा म्हणून सांगून आलोय. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणजे आपण बेळगावहून महाराष्ट्रातल्या शिनोळीला जातो तसंच की, दुकानांच्या पाट्या बदलल्या की समजायचं पलीकडं आलो.

पाचपैकी साडेतीन. दुपारी दीड ते चार बंद, मामा जेवून झोपतात, फोन उचलत नाहीत. परवा अजून एक घेतलं, या टायमाला दारातच फॉर्मे मोजायला लागलो तर मामांनी काही न बोलता स्टूल आणून दिलं.