साज दुरुस्तीला दिला: राममारुती रस्त्यावरच्या एका 'राजघराण्याच्या' पेढीबद्दल

पेढीचं नाव देत नाही. अर्धं लिखाण कौतुकाचं आहे, अर्धं कुरकुरीचं, आणि कुरकुर ठाण्यातल्या बऱ्याच पेढ्यांना लागू पडेल अशी आहे. काम दुरुस्तीचं होतं. आईचा कोल्हापुरी साज. काही पानड्यांच्या, म्हणजे छोट्या पदकांच्या, कड्या सुटलेल्या, दोरा विरलेला आणि पोकळ जवमण्यांत भरलेल्या लाखेचा आतल्या आत भुगा झालेला. भाचीच्या लग्नाआधी तो गळ्यात घालण्याजोगा व्हायला हवा होता.

मी कोल्हापुरातल्या गुजरीतल्या, म्हणजे तिथल्या सराफ पेठेतल्या, सोनाराची मुलगी. कुठल्याही सराफाकडे गेले की माझी नजर आधी काट्यावर जाते आणि मग भिंतीवर. इथे भिंतच आधी दिसते. दार ढकललं की समोर भला मोठा फलक, 'राजघराण्याचे मानाचे सराफ'. त्यावर फेटेवाल्या पूर्वजांचं रंगवलेलं चित्र, मागे सिंहासन, बाजूला तोफ. तोफेचं काय काम ते कळलं नाही. साल कुठेच नाही, संस्थानाचं नावही नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "कुठलं राजघराणं हो?" तो म्हणाला, "रॉयल फॅमिली, मॅडम." आणि कोकम सरबत घेऊन आला. सरबत उत्तम होतं.

राजाचा सराफ ही मिरवायची गोष्ट आहेच, पण मिरवायची तर तपशिलासकट मिरवावी. लंडनच्या गॅरार्ड पेढीचा इतिहास बघा. १७३५ साली जॉर्ज विक्स नावाच्या चांदीच्या कारागिराने ती सुरू केली. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिला राजमुकुटाचे जवाहिरे नेमलं आणि तो मान २००७ पर्यंत टिकला. नेमणूक कधी झाली, कोणी केली, कधी संपली, सगळं उघड. लाजिरवाणे तपशीलही उघड. कोहिनूरला पुन्हा पैलू पाडण्याचं काम १८५२ मध्ये याच पेढीच्या देखरेखीखाली झालं. पैलू पाडणारे डच कारागीर होते, काम ३८ दिवस चाललं आणि सुमारे १८६ कॅरटचा दगड १०५.६ कॅरटवर आला. एवढी तूट गुजरीत कोणी दाखवली असती तर गिऱ्हाइकाने दुकानासमोरच बैठक मारली असती. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्जचा मुकुटही त्यांनीच घडवला, कारण जुना राज्याभिषेकाचा मुकुट इंग्लंडबाहेर न्यायची सोय नव्हती. सहा हजारांवर हिरे, खर्च ६०,००० पौंड, आणि तो भरला हिंदुस्थानच्या तिजोरीतून. राजाने दरबारात घातला, परत नेला, आता तो टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. गिऱ्हाईक राजा असला म्हणजे बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं तेही यातून समजतं.

पण मला त्याहून आवडते ती रशियाच्या फॅबर्जेची गोष्ट. १८४२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निघालेली पेढी, १८८५ मध्ये झारसाठी पहिलं ईस्टरचं अंडं, आणि क्रांतीपर्यंत अशी एकूण पन्नास. अंडी फॅबर्जेच्या नावाने ओळखली जातात, पण ती ज्याच्या कारखान्यात घडली त्या मुख्य कारागिराची आद्याक्षरं बहुतेकांवर ठोकलेली आहेत. मिखाईल पेर्खिन, हेन्रिक विगस्ट्रॉम ही नावं म्हणूनच आज ठाऊक आहेत. १९१३ च्या बर्फासारख्या दिसणाऱ्या 'विंटर एग'चा आराखडा काढणारी आल्मा पिल तेव्हा पंचविशीतली मुलगी होती. क्रांतीनंतर ती फिनलंडला गेली आणि तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत राहिली. आपल्या बाईंनी झारसाठी काम केलंय हे पोरांना ठाऊकही नव्हतं. १९१८ मध्ये पेढी सरकारजमा झाली आणि दोन वर्षांनी मालक परदेशात वारला. राजा गेला, पेढी गेली, ठसे राहिले.

तर आता साजाकडे. काउंटरवरच्या थोरल्या विक्रेत्याने तो बोटांनी उचलला, हलवला आणि लगेच मोडीचा भाव सांगितला. "मॅडम, हा मोडीत घाला. तेवढ्याच सोन्यात मशिनचे दोन लाइटवेट साज होतील. शिवाय याला हॉलमार्क नाही." दुरुस्तीला आलेल्या बाईला मोड सुचवायची ही खोड मला मुळीच आवडत नाही. हॉलमार्कचा बागुलबुवा तर त्याहून नाही. घरातला जुना दागिना वापरायला हॉलमार्क लागत नाही. तो लागतो दुकानदाराने गिऱ्हाइकाला दागिना विकताना. मी म्हटलं, "कारागिराला बोलवा." थोडी चुळबुळ झाली आणि मग मला वरच्या मजल्यावर नेलं.

पाचपैकी पाच तारे द्यायचे ते या मजल्याला. तिथले कारागीर मूळचे बंगालमधल्या मेदिनीपूरचे, पण मराठी अगदी नौपाड्यातलं. काजळलेली शेगडी, सवागीची म्हणजे टाकणखाराची वाटी, चिमटे. साज हातात घेतल्यावर त्यांनी भाव सांगितला नाही, पानड्या मोजल्या. एकवीस. दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, माणिक आणि पाचू बसवलेल्या दोन, शेवटी डोरलं. दोरा कापण्याआधी मोबाइलवर क्रमाचा फोटो काढला. मासा आणि कासव यांची अदलाबदल झालेला साज मी एका लग्नात पाहिलाय, म्हणून हे बघून जीव भांड्यात पडला. मग एक पानडी उलटी करून म्हणाले, "काकू, हा डाख, हा सांधा, हाताचा आहे. कोणी केलंय?"

"माझ्या बाबांनी."

बाबांनी तो आईसाठी लग्नात घडवला होता. पुढे १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटच्या वरच्या शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरटमध्ये साज कोण घेणार? गुजरीतल्या कितीतरी शेगड्या विझल्या. बाबा काही वर्षं उद्यमनगरात लेथवर कामाला जात. हेच नियंत्रण पुढे चालवणारा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. हे मी कारागिरांना सांगत होते आणि ते न बोलता मण्यातला लाखेचा भुगा टोकरून काढत होते.

काम असं झालं: लाख काढून सोन्याचं निव्वळ वजन माझ्यासमोर, नवी लाख भरल्यावर पुन्हा वजन, दोन्ही आकडे कागदावर. कड्यांना त्याच कसाच्या सोन्याचा डाख. नव्या दोऱ्यात गाठवायला साज पटवेकऱ्याकडे त्यांनीच पाठवला. जिलई हलकी, मुद्दाम. जुन्या सोन्याची नितळ लाली त्यांनी घालवली नाही. मजुरी साडेतीन हजार, ग्रॅमवर नाही तर कामावर. सांगितलेल्या दिवशी साज तयार होता.

कुरकुर आता. बिलावर पेढीचं नाव सोनेरी अक्षरांत, शेजारी छोटासा मुकुट. कारागिराचं नाव लिहून द्या म्हटलं तर व्यवस्थापक हसले. "ताई, पेढीचं नाव आहे ना?" आहे. हॉलमार्कच्या एचयूआयडी या सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांकावरूनही सराफ कळतो, तपासणी केंद्र कळतं, शुद्धता कळते, घडवणारा कळत नाही. भिंतीवर नाव नसलेल्या राजघराण्याला एवढी जागा आहे, तर वरच्या मजल्यावरच्या माणसासाठी बिलावर एक ओळ निघू शकते. मी बिलाच्या मागे त्यांचं नाव स्वतःच लिहून साजाच्या डबीत ठेवलंय.

नवे दागिने इथे घेईन का? नाही. घडणावळ जास्त वाटली आणि ठुशी-तन्मणीचे नमुने साच्यातले आहेत. जुनं काम असेल तर मात्र जरूर जा. रविवारी नको, काउंटरवर खोळंबा होतो. गाडी आणू नका, घंटाळीकडून चालत या. आधी मोडीचा भाव सांगतील. तो ऐकून घ्या आणि वरचा जिना कुठे आहे ते विचारा.