लातूरमधील एका स्तन-तपासणी केंद्राचा अनुभव
गेल्या महिन्यात मावशींची मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) येथे करून घेतली. पाळी कितव्या वर्षी आली, कधी गेली, अंगावर किती महिने पाजले, हे महिला डॉक्टरांनी निवांतपणे विचारले. कारण पाळी लवकर येऊन उशिरा गेल्यास शरीराचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी संपर्क लांबतो आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही,’ असे मावशी ठामपणे म्हणाल्या, तेव्हा बीआरसीए१, बीआरसीए२ यांसारख्या जनुकांतील वारशाने आलेला दोष साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच कारणीभूत असतो, वाढते वय आणि पाळी गेल्यानंतर वाढलेले वजनही धोक्याचेच, हे डॉक्टरांनी समजावले. यंत्रात क्षणभर कळ येईल, हेही आधीच सांगितले. कपडे बदलण्याच्या खोलीचा पडदा मात्र अपुरा होता, आणि अहवाल केवळ इंग्रजीत मिळाला.